घरचा रेडिओ

"आत कोण गातंय?"

गाण्याच्या मास्तरांचा तो प्रश्न तिला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. आवाज जाडसर, खोलवरून आलेला, आणि शेवटी जरासा थांबलेला, जणू उत्तरही सुरातच येणार आहे. बाहेरच्या खोलीत धाकटा भाऊ मास्तरांपुढे मांडी घालून बसला होता. त्यांनी दिलेली ओळ वर चढताना तो एकाच जागी घसरत होता, पुन्हा पुन्हा. ती आत भांडी पुसत होती. ताटली उचलावी, पुसावी, फळीवर लावावी, तशी ती ओळही तिनं उचलली आणि जागेवर लावली. आपण मोठ्यानं गायलो हे तिला कळलंसुद्धा नाही.

"रेडिओ आहे," वडील म्हणाले.

मास्तरांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "चांगलं स्टेशन लागलंय. बंद करू नका."

तिच्या घरी रेडिओ नव्हता.

मास्तर गेल्यावर वडील पोट धरून हसले. आई हसली, भाऊ हसला, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. नाव चिकटलं ते चिकटलंच. रेडिओ, पाणी आण. रेडिओ, दार लाव. वडिलांचा विचार सरळ होता: दोन लेकरांतलं एक गाण्यामागे सोडता येईल, दुसऱ्यानं घर धरायचं. धरायला पोरगी बरी, तिला वेळेवर उठायची सवय आहे. ती बसस्थानकावर घोषणा करायला लागली तेव्हा लोकांना वाटलं, नाव नोकरीतूनच आलं असणार. तिनं कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

फलाटांच्या डोक्यावर काचेची केबिन होती. अरुंद जिना, एक माइक, दाबून धरायचं बटण, मान हलवत कुरकुरणारा पंखा. पहिल्याच दिवशी तेव्हाचा कंट्रोलर धापा टाकत वर आला होता. "बाई, गाडी सोडताय की अंगाई म्हणताय?" खाली एक म्हातारी तिची घोषणा ऐकत उभी राहिली होती आणि म्हातारीची गाडी तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती. सूर लागला की माणूस सूर ऐकतो, आकडा ऐकत नाही, असं त्यानं समजावलं. शब्दाचं शेपूट वर न्यायचं नाही, खाली सोडायचं नाही. टेबलावर डबा ठेवावा तसा शब्द ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा.

त्या दिवसांत एकाच घरात दोन रियाज चालायचे. बाहेरच्या खोलीत भाऊ सूर लावायचा. आतल्या खोलीत ती आवाजातून सूर काढून टाकायची. तिचा लवकर पक्का झाला.

स्थळं आली आणि गेली. पगार दुसऱ्या घरी गेला असता, म्हणून कुणी फार घाई केली नाही. भाऊ मास्तरांकडून एका नावाजलेल्या गायकाच्या मागे बसायला गेला, मग त्या गायकाच्या शिष्याच्या मागे. मागे मागे सरकत तो घरीच आला. आता दुकानांच्या उद्घाटनाला गायचा, सूर न लागणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. त्याच्या घरी चूल पेटायची ती बायकोच्या शिवणावर.

आज तो मुलीला घेऊन जिना चढून आला. रेडिओबाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. स्टुलावर टेकून त्यानं आधी पंख्याची चौकशी केली, मग बहिणीच्या गुडघ्यांची, मग जिन्याला शिव्या दिल्या. मुद्द्यावर यायच्या आधी त्याला लांबलचक आलाप लागायचा. अखेर सांगितलं ते असं, की पोरीला दूरच्या शहरातल्या एका मोठ्या गायिकेनं शिकायला बोलावलंय, राहायची सोय करतीय, पुढचं मात्र कुणाच्याच हातात नाही. आणि इथं तर ताईची जागा रिकामी होतीय.

"तुझ्या शब्दाला इथं वजन आहे, ताई. चिकटव हिला."

"आणि गाणं?"

"गाणं काय, आंघोळ करतानाही येतं." तो हसला, एकटाच. मग खाली बघून म्हणाला, "तुला नाही कळायचं ते. तू सुटलीस. महिना भरला की पगार, पुढे पेन्शन. आम्हाला लोक टाळ्या देतात आणि आपापल्या घरी जेवायला जातात."

तिनं बटण दाबलं. धरणाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी असल्याचं सांगितलं. बटण सोडलं. तू सुटलीस, हे शब्द पंख्याच्या वाऱ्यात अजून फिरत होते.

मुलगी काचेशी उभी राहून खाली बघत होती. या पोरीला तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. रडतानासुद्धा ही सूर सोडत नाही, असं तेव्हा ती भावजयीला म्हणाली होती.

भावाचं बोलणं ऐकत सध्याचा कंट्रोलर वर आला होता. तरुण होता, मनानं चांगला. आता बोलूनच बघू द्या की, म्हणाला. मुलीनं आत्याकडे बघितलं, खुर्चीवर बसली, बटण दाबलं. "जुन्या पुलाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे."

'चार'वर आवाज जरा टेकला आणि तिला न विचारताच वर वळला. खाली माना वर झाल्या. एक हमाल डोक्यावरचं ओझं तसंच धरून भोंग्याकडे बघत राहिला. गाडी हलली आणि मग कुठं भानावर आलेले प्रवासी तिच्यामागं पळत सुटले.

कंट्रोलरला हसू आवरेना. "आवाज छानच आहे हो. पण गाणं होतंय जरासं. रेडिओबाई, जायच्या आधी तेवढं काढून द्याल का? तुमच्याशिवाय नाही जमायचं कुणाला." त्याचा फोन वाजला. आलोच म्हणत तो दाराबाहेर गेला.

भाऊ पुढं वाकला. हो म्हण, हो म्हण, असं त्याचे नुसते ओठ म्हणत होते. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"तुला काय हवंय गं?" तिनं मुलीला विचारलं. एवढा साधा प्रश्न, पण विचारताना तिची जीभ अडखळली. हा प्रश्न कसा विचारतात ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

मुलीनं सवयीनं आधी बापाकडे बघितलं. मग नजर काढून घेतली. "पगार," ती म्हणाली. "आत्या, बाबा रियाजाला बसले की आई मशीनवर बसते. मी लहानपणापासून ते दोन्ही आवाज एकदमच ऐकलेत. मला त्यातलं एकही व्हायचं नाही."

भावानं खिशातून रुमाल काढला आणि काहीच न पुसता परत ठेवला.

"मग, रेडिओबाई?" कंट्रोलर दारात उभा होता. "निघेल ना?"

"सूर निघतो," ती म्हणाली. "माझा निघाला."

"तुमच्यात होता कुठं!" तो खुशीत म्हणाला. उद्या पोरीला कागद घेऊन पाठवा, साहेबांशी मी बोलतो, असं सांगून तो जिना उतरून गेला. बुटांचा आवाज खाली खाली जात फलाटावरच्या गलक्यात मिसळला.

"आत्या, तू गायचीस?"

तिनं माइकवरची धूळ बोटानं पुसली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं तोंड उघडलं. तीच ओळ, भांडी पुसतानाची, जिथं तिचा भाऊ घसरत होता ती. ओळीतले सगळे शब्द आले. पण एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा आला, शेपूट वर नाही, खाली नाही. चढायच्या जागी ती थांबली. तिथं चढायला काही उरलंच नव्हतं.

मुलगी हसली नाही. तिनं आपला हात हळूच आत्याच्या मनगटावर ठेवला.

भाऊ उठून काचेपाशी गेला होता. पाठ इकडे, तोंड फलाटांकडे.

"मास्तरांनी विचारलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी ही नोकरी लागायच्या आधी. शिकवणी संपल्यावर मला थांबवून घेतलं. म्हणाले, तुमच्याकडे कसला रेडिओ आहे ते मला त्याच दिवशी कळलंय. उद्या येताना तो घेऊन ये. तुझ्या वडिलांना सांग, मला त्याच्या शिकवणीचे पैसे नकोत."

खाली गाडी सुटायला आली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, वर बघितलं, पुन्हा वाजवला. तिचा हात बटणाजवळ होता. तो तिथंच राहिला. गाडी घोषणेवाचून निघाली.

"मला कळत होतं तेव्हा," तो म्हणाला. "मी काही फार लहान नव्हतो. तू आली असतीस तर मास्तरांनी माझ्याकडे..." काचेवर त्याच्या श्वासाचा ढग जमला आणि विरला.

"तू काय सांगितलंस त्यांना?" तिनं विचारलं. अगदी सपाट. फलाट क्रमांक विचारावा तसं.

"सांगितलं," तो म्हणाला, "बिघडलाय."