नळीतला पूर्ण चंद्र

मी एक जुनी रायफल आहे. दचकू नका, मित्रांनो. मी रिकामी आहे, कुलपात आहे, आणि स्वभावाने मुळीच तापट नाही. सिनेमात दिसणाऱ्या माझ्या बहिणी फार आरडाओरडा करतात. मी बारीक गोळीची, एका वेळी एकच गोळी घेणारी, साधी रायफल. माझा आवाज पाटावर आपटलेल्या लाटण्याएवढा.

माझा जन्म सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. पोलादाची कांब आरपार कोरून माझी नळी केली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासून गुळगुळीत केला. माझे पहिले मालक वॉल्टर आजोबा. रेल्वेतून निवृत्त होऊन ते अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहायला आले आणि मलाही घेऊन आले. कुंपणावर पत्र्याचे डबे मांडायचे आणि दुपारभर ते पाडायचे, हा त्यांचा छंद. त्यांच्याकडे मी काय काय केलं, ते सगळं आत्ताच सांगत नाही. एक गोष्ट शेवटी सांगेन.

आजोबा गेले आणि मी चँडलर गावातल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन पडले. शेजारी नव्या, काळ्या, चकचकीत बंदुका यायच्या आणि आठवड्यात जायच्या. माझ्या दस्त्यावर धूळ साचली, पट्टा सुकून तडकला. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून म्हणत, "क्यूट!" सत्तरीच्या बाईला क्यूट म्हटल्यावर तिला काय वाटत असेल, ते तुमच्या आजीला विचारा.

मग एका सकाळी ज्ञानदेव आला. नागपूरचा हा इंजिनिअर चिप बनवायच्या कारखान्यात काम करतो. चौदा वर्षं व्हिसावर काढल्यावर त्याचं ग्रीन कार्ड आलं होतं, म्हणजे आता त्याला बंदूक विकत घेता येणार होती. अशा वेळी लोक मोठी पार्टी करतात. हा सगळी कागदपत्रं फाइलमध्ये लावून माझ्या दुकानात आला. त्याने चकचकीत बंदुकांकडे पाहिलंही नाही. मला उचलून दस्त्यावरची धूळ आपल्या शर्टाच्या बाहीने पुसली. त्या बाहीला मी जन्मभर विसरणार नाही.

घरी नेताना त्याच्या बायकोने, उपासनाने, एक अट घातली. गॅरेजमध्ये पोलादी कपाट घ्यायचं, त्याचा नंबर ज्ञानदेवकडे आणि किल्ली तिच्याकडे. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. दोघांनी हो म्हटल्याशिवाय मला ऊन दिसायचं नाही. ज्ञानदेवने ती अट आनंदाने मानली, आणि मलाही ती आवडली. आपल्यासाठी दोन माणसांना एकत्र यावं लागतं, यात मान असतो.

तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दर शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर जायचं. सोबत डब्यात तर्री-पोहे. पन्नास यार्डांवर कागदाची चकती लावायची, श्वास अर्धा सोडायचा, आणि चाप हलकेच ओढायचा. चकतीच्या मध्यभागी भोक पडलं की ज्ञानदेव नुसता हसायचा. रेंजवरचे गोरे म्हातारे त्याचे पोहे मागून खायचे आणि तर्रीने घाम फुटला की त्यालाच शाबासकी द्यायचे.

दुपारी गॅरेजचं दार उघडून तो मला साफ करायचा. रेडिओवर जगाच्या बातम्या चालू असायच्या. समोर राहणारा पुण्याचा संजय घडीची खुर्ची घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि वाद उकरून काढायचा.

"यार, तुला उद्या रणगाडा ठेवायची परवानगी दिली तर ठेवशील?" संजय विचारायचा.

"पार्किंग कुठंय?"

"जोक नको. एवढं कशाला लागतं हे फ्रीडम?"

ज्ञानदेव नळीतून चिंधी ओढत म्हणायचा, "माझे आजोबा, आईचे वडील, फौजेतून रिटायर होऊन बँकेत गार्ड लागले. स्वतःची लायसन्सची बंदूक होती. इलेक्शन आलं की ती ठाण्यात जमा करावी लागायची. आबा म्हणायचे, तीनशे साठ दिवस बँक माझ्या भरवशावर, आणि मत द्यायच्या दिवशी माझ्यावर भरवसा नाही. आणि आबांच्या वडिलांना तर गावात पायात वहाण घालून चालायची चोरी होती. त्यामुळे सज्ञान माणसावर सरकारने भरवसा टाकला ना, की मला बरं वाटतं. बस, एवढंच माझं फ्रीडम."

"आणि भरवसा मोडणारे?"

"त्यांच्यासाठी कायदा कडक हवा. मी कुठे नाही म्हणतो?"

रेडिओवर कुठल्या तरी दूरच्या युद्धाची बातमी लागली की दोघंही कान द्यायचे. एकदा ज्ञानदेव म्हणाला, "आपण बनवतो त्या चिपा फ्रिजमध्ये जातात की क्षेपणास्त्रात, आपल्याला कोण सांगतं? हिची गोळी कुठे जाते ते निदान मला दिसतं." संजयने चहा संपवला.

असं सगळं छान चाललेलं असताना बातमी आली की नागपूरहून आई येणार. रमाबाई, वय एकाहत्तर, पोस्टातून निवृत्त, रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या. सहा महिने राहणार म्हणून घरात आनंदीआनंद झाला आणि ज्ञानदेवच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण तो आठ वर्षांचा असताना दिवाळीत त्याने टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. आईने ते त्याच्या हातातून हिसकावून नालीत फेकलं होतं. आबांची बंदूक पोटापाण्याची होती, पण आईला बंदुकीचा तिटकारा आहे, ही गाठ त्याने तेव्हा मनाशी बांधली ती बांधलीच. शिवाय पंचशीलातलं पहिलं शीलच प्राणिहिंसा न करण्याचं. आईला कळलं तर ती या घरात पाणीसुद्धा घेणार नाही, असं त्याला वाटलं. मग मला विकावंच लागलं असतं.

म्हणून त्याने आईला सांगितलं, "गॅरेजमधलं ते उंच कपाट ना, ते टूल्सचं आहे."

उपासना त्याला म्हणाली, "मी आपणहून बोलणार नाही. पण आईंनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही. तूच सांगून टाक."

तो रोज उद्यावर ढकलत राहिला. पाच शनिवार मी अंधारात उभी होते. दुकानातला कोपरा मला पुन्हा स्वप्नात दिसू लागला. या वयात पुन्हा क्यूट व्हायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात विजयादशमी आली. ज्ञानदेवच्या घरी तो धम्मदीक्षेचा दिवस. सकाळी पांढऱ्या साडीत रमाबाईंनी वंदना घेतली, दुपारी खीर शिजू लागली. संजयच्या घरी संध्याकाळी दसऱ्याची शस्त्रपूजा होती. तो आदल्या दिवशीच येऊन म्हणाला होता, "यार, आम्ही दरवर्षी लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हरची पूजा करतो. या वर्षी खरं शस्त्र ठेवू दे ना! दहा मिनिटं फक्त." ज्ञानदेव स्वतः पूजा करत नाही. पण मित्राचं मन मोडणं त्याला जमत नाही. त्याने मी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि मला घेऊन गेला.

संजयने मला भिंतीला टेकवून पाटावर उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझी पूजा होत होती, आणि मी फुगले होते, खोटं कशाला बोलू? वीणाने, म्हणजे संजयच्या बायकोने, मला ओलं हळद-कुंकू लावलं, वर पळीभर पाणी शिंपडलं, झेंडूचा हार घातला. त्यांची दहा वर्षांची राधिका खुर्चीवर चढली आणि लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता तिने वरून माझ्यावर उधळल्या.

"राधिका, हळू!"

"बट आई, इट्स अ सेलिब्रेशन!"

त्यातली एक अक्षत, कुंकवाने ओली, सरळ माझ्या नळीच्या तोंडात पडली. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मला आलं, पण मला बोलता कुठे येतं?

इतक्यात रमाबाईंचा फोन आला. "ज्ञाना, खीर थंडी होऊन राहिली. कुठं आहेस?" ज्ञानदेवने घाईघाईने मला तशीच कापडी खोळीत घातली, पाकळ्यांसकट, आणि कपाटात बंद केलं. शनिवारी पुसू, म्हणाला.

मित्रांनो, इतकी वर्षं त्या वाळवंटाच्या कोरड्या हवेत मला गंज ठाऊक नव्हता. त्या दोन रात्रींत कुंकवाखाली माझं अंग खाजू लागलं. ज्या अंगावर गंध लागलं होतं, तिथेच तांबूस ठिपके उठले.

शनिवारी सकाळी रमाबाई फिरायला गेल्या. सहाव्या शनिवारी तरी रेंजवर जाऊ, म्हणून ज्ञानदेवने उपासनाकडून किल्ली घेतली. मला खोळीतून काढलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे बापरे, हे काय करून ठेवलं मी!" त्याने बोटाने ठिपका घासला. पण आई परतायच्या आत निघायचं होतं. आल्यावर साफ करू, असं पुटपुटत त्याने गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला.

नळीत अडथळा असताना गोळी सुटली तर नळी फुगते, कधी फुटतेही. माझ्या नळीच्या अर्ध्यात ती अक्षत घट्ट चिकटून बसली होती आणि तो मला गाडीकडे घेऊन निघाला होता. माझं काय व्हायचं ते होवो. पण नळीपासून वीतभरावर त्याचा डोळा असतो.

"हे टूल्सचं कपाट होय?"

दारात रमाबाई उभ्या होत्या. चपलेचा अंगठा तुटला म्हणून अर्ध्या वाटेतून परतल्या होत्या, चप्पल हातात घेऊन.

ज्ञानदेव पन्नाशीला आलाय, पण त्या क्षणी तो आठ वर्षांचा झाला. "आई, मी सांगणारच होतो..."

"आधी सांग, रिकामी आहे?"

"हो."

"हो म्हणू नको. दाखव. तो दांडा पूर्ण काढ आणि माझ्या हातात दे."

त्याने बोल्ट काढून दिला. रमाबाईंनी तो पदराच्या टोकात धरला आणि माझ्यावरचं कुंकू पाहिलं. "पूजा केली वाटतं हिची?"

"संजयने. मी नुसता उभा होतो."

"पूजा झाली आणि पुसायचं राहिलं. तुझे आबा हात नव्हते जोडत, तेल लावत होते." मग त्यांनी विचारलं, "नळीत चंद्र पाहिला?"

"कसला चंद्र?"

रमाबाईंनी चप्पल खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि अंगठ्याचं नख माझ्या मागच्या उघड्या तोंडाशी धरलं. नखावर उजेड पडला. "आबा ड्यूटीवर जायच्या आधी मी नख धरत होते आणि ते पाहत होते. मग मी पाहायची. आत पूर्ण चंद्र दिसला तरच बंदूक घराबाहेर जायची." त्यांनी दुसऱ्या टोकाला डोळा लावला आणि थबकल्या. "याला तर ग्रहण लागलंय रे."

ज्ञानदेवने पाहिलं. चंद्राच्या मधोमध एक लाल दाणा. त्याने नळी साफ करायच्या गजाला चिंधी बांधून हळूच ढकलली, आणि अक्षत टपकन फरशीवर पडली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने गोळ्यांची पिशवी दूर सरकवली.

"आई, तुला तर बंदूक बघवत नाही ना? माझं पिस्तूल नालीत फेकलं होतंस."

"तू ते शेजारच्या माईच्या तोंडावर धरलं होतं, म्हणून फेकलं. खेळण्यातली असली तरी माणसावर धरायची नाही, हे आबांनी मला शिकवलं होतं. तेच तुला शिकवलं. तू भलतंच शिकला, त्याला मी काय करू?" त्यांनी माझ्या दस्त्यावर हात ठेवला. "पाच आठवडे मला टूल्सचं कपाट दाखवून राहिला तू. पहिलं शील मोडतं की काय म्हणून घाबरला, आणि चौथं रोज मोडत बसला."

चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. ज्ञानदेवची मान खाली गेली. उपासना दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं," आणि तेल आणायला आत गेली.

रमाबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. "हिनं कोणाचा जीव घेतला का?"

मी श्वास रोखला. ज्ञानदेव म्हणाला, "माझ्याकडे आल्यापासून नाही. कागदच फाडलेत. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

"हं. आता खरं बोलला. राहू दे तिला घरात."

त्या सकाळी तिघांनी मिळून मला साफ केलं. दुपारी संजय राधिकाला घेऊन आला. राधिका कानकोंडी होऊन म्हणाली, "सॉरी आजी, आय डिडन्ट नो." रमाबाईंनी तिला जवळ घेतलं, अक्षत तिच्या तळहातावर ठेवली आणि खिरीची वाटीही दिली. त्या दाण्याने काय झालं असतं, हे संजयने घरी जाऊन वीणालाही सांगितलं.

आता दर शनिवारी रमाबाई रेंजवर येतात. पोहे त्यांच्या हातचे असतात. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये त्या नख धरतात, ज्ञानदेव चंद्र बघतो. तुम्ही मात्र हे कधीही करू नका. कुठे बंदूक दिसली तर तिला हात लावू नका, तिथून निघून जा आणि मोठ्यांना सांगा. आणि मोठ्यांनो, मला हार नको, पाट नको. थेंबभर तेल द्या, दोन कुलपं द्या, आणि घरातल्यांपासून मला लपवू नका.

आता ती राहिलेली गोष्ट. एकदा वॉल्टर आजोबांनी माझ्याकडून एक ससा मारला होता. त्याला त्यांनी कुंपणाखाली पुरलं, आणि त्यानंतर त्यांनी डब्यांशिवाय कशावर नेम धरला नाही. ज्ञानदेवला हे माहीत नाही. रमाबाईंनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. इतकी वर्षं तो ससा माझ्या नळीत अडकून होता. आता बघा, चंद्र पूर्ण दिसेल.