‘रोही’ म्हटलं की मी पळायचो

मी पोळ्या बोलतोय. हसू नका. ताटातल्या पोळ्या नव्हे, बैलपोळ्याच्या दिवशी जन्मलेला पोळ्या. जातीनं गावठी कुत्रा, रंगानं वाळल्या कडब्यासारखा, आणि कामानं डोंगरकड्याजवळच्या संतरामच्या वावराचा राखणदार.

शेजारच्या तांड्यावरच्या भावसिंगची चांदी ही माझी आई. तिनं आम्हा पाच भावंडांना त्याच्या कडब्याच्या गंजीत जन्म दिला. माझा एक कान उभा आणि एक पडलेला. महिन्याभरानं संतराम आला, मला मानगुटीला धरून उचललं आणि म्हणाला, "भावसिंग, ह्याला नेतो. ह्याचा एक कान सदा जागा हाय." असा मी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर आलो. आई रोज पलीकडे दिसायची, म्हणून मी फार रडलो नाही. पहिल्या रात्री थोडा रडलो, खोटं कशाला सांगू?

संतरामची बायको शालूबाई. आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर, तिची चूल पेटायची. संतराम विचारायचा, "पोळ्या झाल्या का?" की मी हजर! माझं नाव घेतलं आणि मी गेलो नाही, असं कसं चालेल? शालूबाई हसायची आणि चतकोर टाकायची. खरा अर्थ मला महिन्याभरात कळला होता, पण चतकोर मिळतोय तोवर न कळल्यासारखं दाखवणं बरं असतं.

मोठा झालो तेव्हा संतरामनं मला एकच शब्द शिकवला. "रोही!"

तुम्ही जिला नीलगाय म्हणता तिला आमच्याकडे रोही म्हणतात. घोड्याएवढं जनावर. कळपानं वावरात शिरलं की एका रात्रीत हरभऱ्याचं मैदान करतं. म्हणून आमच्या शिवारात एक रीत आहे. ज्याला रोही दिसेल त्यानं जोरात ओरडायचं, "रोहीऽऽ!" ते ऐकून शेजारच्यानं ओरडायचं, मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता हाक नदीपर्यंत जाते. कोणी डबे बडवतो, कोणी गोफण फिरवतो. आणि आम्ही कुत्री? आम्ही शेपट्या ताठ करून असे पळतो की जणू सगळं शिवार आमच्याच नावावर आहे.

पण माझं सगळ्यात आवडतं काम हाकलण्याचं नव्हतं. आश्विन लागला की संतराम रोज सकाळी मला घेऊन बांधाबांधानं फिरायचा, ते होतं.

ऋतू बदलला हे माणसं कॅलेंडरात बघतात. मला ते पायांना कळतं. पावसाळाभर पंजाला चिकटणारी काळी माती एका सकाळी चिकटेनाशी होते. गवतावर दव असतं, पोट भिजतं, आणि ऊन वर आलं की तेच गवत पिवळं पडून कुसळं सोडतं. ती माझ्या अंगात अशी घुसतात की विचारू नका. संतराम बांधावर बसून एकेक कुसळ उपटायचा आणि मला शिवार वाचून दाखवायचा.

"तो बघ, धोबी आला," तो म्हणायचा. लांब शेपटी वर-खाली करत एक पाखरू नांगरटीत चालत असायचं. "आता थंडी येऊन राहिली." ओढ्याचं गढूळ पाणी निवळून तळाचे दगड दिसायला लागायचे. तरोट्याच्या शेंगा तडकायच्या. तुरीच्या पिवळ्या फुलांवर फुलपाखरं, बांधावरच्या बोरीवर कोळ्यांची जाळी, वर आभाळात भोरड्यांचा थवा एकदम वळायचा. ससा उठला की माझे पाय शिवशिवायचे. संतराम नुसता म्हणायचा, "राहू दे रे, जाऊ दे त्याला." मी जाऊ द्यायचो. तसाही तो मला कधी सापडला नसता.

अशाच एका आश्विनात, सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीसाठी पुण्याहून त्यांचा मुलगा विश्वंभर आला. सोबत सूनबाई प्रतिक्षा आणि चार वर्षांची नात आरोही. गाडीतून उतरल्या उतरल्या प्रतिक्षानं हाक मारली, "रोही, चप्पल घाल!"

मी उडालोच. थेट नदीकडे. तुरीचं वावर पालथं घातलं, ओढा ओलांडला, एक रोही दिसेल तर शपथ! जीभ लोंबत परत आलो तर सगळे पोट धरून हसत होते.

संतराम मात्र हसला नाही. "लेकराला रोही काहून म्हणता? ते जनावराचं नाव हाय."

"आम्ही घरी असंच म्हणतो, बाबा. गोड वाटतं," प्रतिक्षा म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला होता.

संतराम पोरीला आरू म्हणू लागला. शालूबाई मात्र सुनेचं मन राखायला रोहीच म्हणायची. तिच्या तोंडात तो शब्द इतका मऊ व्हायचा की दोन दिवसांत माझ्या डोक्यात गणित पक्कं बसलं. संतराम ओरडला तर जनावर, शालूबाईनं हाक मारली तर लेकरू. माणसं शब्द ऐकतात. आम्ही आवाज ऐकतो.

शालूबाईच्या मनात एकच गोष्ट होती. नात जन्मल्यापासून एक दिवसही तिच्याजवळ एकटी राहिली नव्हती. विहीर आहे, साप आहेत, वावर आहे, प्रतिक्षाचा जीव घाबरायचा. शेवटी तिसऱ्या दिवशी शालूबाई म्हणाली, "तुमी दोघं बाळापूरच्या बाजारात जा. पोरगी माझ्याजवळ राहू द्या. एकच दिवस."

प्रतिक्षानं आधी विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, नजरेआड करू नका तिला."

"डोळ्यात तेल घालून बघते," शालूबाई म्हणाली. त्या दिवशी ती इतकी खूश होती की मला चतकोराऐवजी अख्खी भाकर मिळाली.

दुपार कलली तेव्हा मी संतरामबरोबर ओढ्याकाठी होतो. तो गवत कापत होता, मी बेडकांवर नजर ठेवून होतो. तेवढ्यात लांबून, अगदी बारीक, शालूबाईची हाक आली.

"रोहीऽऽ!"

माझा उभा कान वळला. हाक ओळखीची होती, पण तिच्यात मऊपणा नव्हता. ती चिरलेली होती. शालूबाई भाकरी उलटत असताना, तेवढ्याच वेळात, पोरगी फुलपाखरामागं तुरीत शिरली होती. तूर पुरुषभर उंच. चार वर्षांचं लेकरू त्यात कुठं दिसणार?

शालूबाईनं पुन्हा हाक मारली. आणि इथंच घात झाला. पलीकडच्या वावरात भावसिंग होता. त्यानं शब्द ऐकला आणि रीतीप्रमाणं छाती फुगवून ओरडला, "रोहीऽऽ! संतरामभाऊ, रोही आले!" त्याच्या पुढच्यानं हाक उचलली. मग त्याच्या पुढच्यानं. डबे वाजायला लागले. माझी आई चांदी आणि बाकीची कुत्री नदीकडे सुटली. बिचारी शालूबाई जितकं ओरडत होती, तितकं शिवार चेकाळत होतं.

संतरामला भावसिंगची हाक ऐकू गेली. त्यानं विळा टाकला आणि कमरेची गोफण काढली.

मी सगळ्यांच्या उलट दिशेनं पळालो. तुरीत घुसलो. फांद्या तोंडावर आपटत होत्या, पिवळी फुलं अंगावर गळत होती. पोरीचा वास मला ठाऊक होता, दुधाचा आणि साबणाचा. ती मध्यभागी एका सरीत उभी होती. डब्यांच्या आवाजानं घाबरून आत आत गेली होती. दोन्ही कानांवर हात, तोंड उघडं, पण रडणं बाहेर येत नव्हतं. मला पाहिलं आणि तिनं माझी मान इतकी आवळली की माझा श्वास अडला.

मी भुंकलो. इथं आहे, इकडे या, म्हणून भुंकलो. पण माझ्याकडे भुंकणं एकच होतं हो! जन्मभर रोहीवर भुंकलो, तेच.

माझ्या मागोमाग आलेला संतराम बांधावर उभा राहिला. त्याला पोरगी दिसत नव्हती, मी दिसत नव्हतो. त्याला फक्त हलणारी तूर दिसत होती, आणि माझं ते भुंकणं ऐकू येत होतं. गोफण फिरायला लागली. तो सूं सूं आवाज मी ओळखतो. संतरामचा नेम साऱ्या शिवाराला माहीत आहे. मी भुंकायचा थांबलो, पोरीला ढकलून खाली बसवलं आणि तिच्यावर अंग टाकलं. मला दुसरं काही सुचलं नाही. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात शालूबाई धापा टाकत बांधावर पोचली. "आवो, रोही हाय तिथं! रोही!"

"दिसली, दिसली! हाणतोच आता!" संतराम म्हणाला.

"न्हाई होऽऽ! लेकरू हाय! आपलं लेकरू हाय!"

फिरती गोफण अशी मध्येच थांबत नाही. संतरामनं दोन्ही दोऱ्या एकदम सोडून दिल्या. गोफण उडून बोरीच्या झाडात अडकली आणि दगड मागच्या सोयाबीनच्या धसकटात जाऊन पडला. मी पोरीच्या अंगावरून उठलो. ती माझा पडलेला कान धरून, हुंदके देत तुरीबाहेर आली.

संतराम बांधावरच बसला. त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसात तोंड खुपसून रडला. तसं रडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. लांबवर डबे अजून वाजतच होते. भावसिंग घाम पुसत आला आणि विचारू लागला, "गेले का रोही?" मग त्याला संतरामच्या मांडीवरची पोरगी दिसली. हातातला डबा त्यानं हळूच जमिनीवर ठेवला.

"पोरांना सांगू नको," दिवस मावळायच्या आधी संतराम म्हणाला. "पुन्हा कधी धाडायचे न्हाईत लेकराला."

"सांगणार," शालूबाई म्हणाली. "लेकरू सूनबाईचं हाय. तिच्यापासून कसं लपवू?"

आणि बाजाराच्या पिशव्या खाली ठेवायच्या आतच तिनं सगळं सांगून टाकलं. भाकरी, फुलपाखरू, हाक, गोफण. एक शब्द गाळला नाही. प्रतिक्षानं पोरीला जवळ घेतलं आणि तिच्या केसातली तुरीची फुलं, कुसळं एकेक करून काढत बसली. किती तरी वेळ. शालूबाई दाराशी उभी होती, गुन्हेगारासारखी. मी तिच्या पायाशी जाऊन बसलो.

शेवटी प्रतिक्षा म्हणाली, "आई, मी असते ना, तर मीसुद्धा हीच हाक मारली असती." आणि मग तिनं शालूबाईचा हात धरला आणि दोघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच बांधावर गेलो. पोरगी माझा कान सोडत नव्हती. दव पडलं होतं, धोबी चालत होता. तुरीच्या कडेला एक खरी रोही उभी होती, आणि तिच्या पोटाखाली तिचं तांबूस पिल्लू. माझे पाय शिवशिवले. संतरामनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बस, पोळ्या." मी बसलो. रोहीकडे नुसतं बघायची ती माझी पहिलीच वेळ.

"आजोबा, ती पण रोही?" पोरीनं विचारलं.

"व्हय. आन् ते तिचं लेकरू."

जाताना प्रतिक्षा शालूबाईला म्हणाली, "पुढच्या दिवाळीत आठ दिवस ठेवते हिला." तिनं शब्द पाळला. आता आरोही दरवर्षी येते, दहा वर्षांची झाली आहे, आणि माझी कुसळं तीच काढते.

त्या दिवसापासून संतरामनं ‘रोही’ म्हणून आरोळी दिली नाही. रोही आले की तो नुसत्या टाळ्या वाजवतो, "हाड, हाड" करतो. शेजारच्यांना ती हाक कळत नाही, कोणी डबे बडवत नाही, आणि दरवर्षी आमच्या हरभऱ्याच्या चार-सहा ओळी जातात. भावसिंग चिडवतो, "संतरामभाऊ, तुमी रोहीसाठीच पेरून राहिलेत काय?"

"खाऊ दे," संतराम म्हणतो. "नातीचं नाव घेऊन दगड उचलवत न्हाई मला."

मी आता म्हातारा झालोय. ऐकू कमी येतं, दातही थोडे उरलेत. आई केव्हाच गेली. यंदाचा आश्विन सरत आला आहे, तूर फुलली आहे, आणि संतराम मला हळूहळू बांधावरून फिरवतो. पुढचा धोबी मला दिसेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. कधी आमच्या शिवारात आलात, आणि तूर हलताना दिसली, तर हातातला दगड जरा थांबवा. आत कुणाचं तरी लेकरू असतं.