शंभर महान चित्रपटांना मी एकट्याने हरवलं

मित्रांनो, तुम्हाला खरं वाटणार नाही, लावा पैज! मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि टीव्हीवरच्या शंभर महान चित्रपटांना मी एकट्याने धूळ चारली आहे.

विल्फसाहेबांनी मला इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी गावच्या या घरात आणलं, तेव्हा अख्खी गल्ली मला बघायला लोटली होती. त्यांनी बायकोसाठी, म्हणजे एनिडबाईंसाठी, दीपगृहाचा एक चित्रपट टेप केला. बटण दाबायला उशीर झाला, म्हणून त्याला सुरुवातच नाही. विल्फ गेले, बाई मात्र दर रविवारी इस्त्री करताना तोच बघतात. वादळात नायक होडी लोटतो, तिथे न चुकता म्हणतात, "मेल्या, कोट तरी घाल!" त्याने अजून घातलेला नाही.

एका शनिवारी त्यांचा मुलगा ट्रेव्हर हसत हसत आला. मला तेव्हाच संशय आला.

"आई, आज रात्री टीव्हीवर शंभर महान चित्रपटांची झलक दाखवणारेत. मी पबला चाललोय, इथे टेप करून ठेवतो."

"महान कुणी ठरवले?"

"लोकांनी मतं दिली गं."

"मला नाही कुणी विचारलं."

मलाही नाही! यात नक्की काळंबेरं होतं.

कोरी कॅसेट मिळेना, तर या पठ्ठ्याने दीपगृहच उचललं. चित्रपट पुसला जाऊ नये म्हणून विल्फनी कॅसेटच्या कडेची खुंटी मोडून ठेवली होती. याने त्या खाचेवर चिकटपट्टी लावली, कॅसेट माझ्या तोंडात कोंबली, टेप करायची वेळ लावली आणि गेला. बाईंना माझं एकच बटण ठाऊक, सिनेमा चालू करायचं. कॅसेटचा रिकामा खोका बघून त्या माझ्यामागे वाकल्या. धूळ पुसत असाव्यात. खरं तर मला त्यांचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर ओरडला, "काहीच टेप झालं नाही! मेला हा खटारा. भंगारात टाकतो." आणि त्याने मला काखोटीला मारलं.

मेला? अहो, मी जबडा आवळला, जिभेने ती चिकटपट्टी सोलली, आणि शंभरच्या शंभर चित्रपट रात्रभर दाराबाहेर ताटकळत ठेवले! म्हणून सांगतो मित्रांनो, इमानी जुन्या वस्तूला असं...

इस्त्री थांबली.

"खोटारड्या!" एनिडबाई कडाडल्या. "तुझा प्लग मी उपटला होता! ट्रेव्हर, ठेव त्याला खाली. काही बिघडलेलं नाही त्याचं. आणि आज रविवार आहे!"