मानलेल्या भिंती

रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या ताईने सर्व्हरची शेवटची नेटवर्क केबल उपटली आणि ती हातात धरूनच उभी राहिली. पंख्यांची घरघर चालू होती. पडद्यावर रुग्णांच्या नावांच्या जागी निरर्थक अक्षरं पसरली होती.

दारात रुग्णालयाचे मोठे डॉक्टर येऊन थांबले.

"चोर कँटीनच्या संगणकातून शिरला म्हणताय, मग किरणोपचार कसे बंद पडले? प्रत्येकाची खोली वेगळी आहे, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"खोल्या वेगळ्या, सर. घर एकच." तिने समोरच्या लोखंडी पेटीवर हात ठेवला. "या एका मशीनच्या पोटात आपल्या सगळ्या विभागांचे संगणक मांडलेले. मधल्या भिंती नुसत्या सॉफ्टवेअरच्या. त्यांत चीर होती. तो तिथून बाहेर पडला आणि घरमालकाच्याच जागी जाऊन बसला. मग सगळ्या खोल्यांना त्याचं कुलूप."

तिने हे घरी समजावलं होतं, तेव्हा भाऊ हसत म्हणाला होता, मानलेला भाऊ असतो, तशा या मानलेल्या भिंती.

"आणि माहितीच्या राखीव प्रती?"

"त्याही याच घरात."

"चीर बुजवता आली नसती?"

ताई केबल गुंडाळू लागली. "कंपनीकडून दुरुस्ती आली होती. लावायची राहिली."

डॉक्टर कपाळ चोळत राहिले. "प्रत्येकाच्या किरणांचं गणित नव्याने मांडायचं. महिना जाईल. इतकं थांबणं सगळ्यांच्या नशिबी नाही हो."

ताई बाहेर आली. बाकावर भाऊ बसला होता, गळ्याला मऊ रुमाल. देवाची कथा गात गावोगाव फिरणारा माणूस. रंगात आला की ऐकणाऱ्यांना घरची आठवण राहायची नाही. आता घशातल्या गाठीने त्याचा आवाज गाळून गाळून उरल्यासारखा झाला होता. उपचारात खंड पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"काय गं, सख्ख्या भावालाही रांगेत बसवतेस?"

"मशीन बंद आहे. तुझ्या त्या मानलेल्या भिंतींतून चोर शिरला."

"होईल चालू." तो शेजारच्या, डोक्याला फडकं गुंडाळलेल्या आजींकडे वळला. "आजी, घोर नको. ही माझी बहीण, आतलं सगळं हीच बघते. मागे दुरुस्तीसाठी दिवसभर सगळं बंद ठेवणार होती. माझा उपचार बुडेल म्हणून मी नुसतं तोंड पाडलं, तर बाईसाहेबांनी दुरुस्तीच पुढे ढकलली!"

आजींनी ताईचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझाही त्याच दिवशी होता गं, पोरी. देव तुझं भलं करो."

ताई खाली बसली. रुमालाची गाठ नीटच होती, तरी ती सोडून तिने पुन्हा बांधली.

"ते कुणाला सांगू नकोस रे," ती हळूच म्हणाली.

"का? चांगलंच तर—"

तो थांबला. तिच्या मुठीतल्या केबलच्या वेटोळ्याकडे पाहत राहिला.

"माझा नंबर कधी लागेल, बाळा?" आजींनी त्यालाच विचारलं.

भाऊ बोलायला गेला. आवाज फुटला नाही. घसा दुखत असेल, असं समजून आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.