'फार वाईट झालं' म्हणणाऱ्यांची रांग

पोलीस सार्जंट हॅनलन टोपी काढून स्वयंपाकघरात बसला, तेव्हाच नोरीनने ओळखलं की हा माणूस काही सांगायला आलेला नाही, काही सांगू नकोस म्हणायला आलाय. चहा त्याने दोनदा ढवळला. साखर घातलीच नव्हती.

"संध्याकाळी सगळं गाव येणार," तो म्हणाला. "फिन्टनची माणसंही इथलीच आहेत. त्यांच्यावरही आभाळ कोसळलंय. तेव्हा जरा शब्द जपून, नोरीन."

"कुठला शब्द?"

"तुला कळतंय गं."

"मला कळतंय. तुम्हाला उच्चारता येतो का, ते बघत होते."

हॅनलनने चहा संपवला आणि गेला. बिस्किटाला हातही लावला नाही.

झालं होतं ते एका वाक्यात मावणारं होतं. रविवारी फिन्टनने आपल्या बायकोला, डेर्व्लाला, गळा दाबून मारलं आणि मग स्वतःचाही जीव घेतला. डेर्व्ला ही नोरीनची धाकटी बहीण. आईबाप कधीच गेलेले, त्यामुळे जगात एकमेकींना त्या दोघीच. पण हे एक वाक्य सोडून बाकी सगळं गावच्या साप्ताहिकात छापून आलं. "बॅलीकारा येथील दांपत्याचा दुर्दैवी अंत. घरगुती स्वरूपाच्या घटनेने परिसरावर शोककळा. पोलीस अन्य कोणाचाही शोध घेत नसून नागरिकांना कोणताही धोका नाही." खाली फिन्टनचा फोटो, गावच्या हर्लिंग खेळणाऱ्या पोरांबरोबर, हातात जिंकलेला कप. शांत, मनमिळाऊ, पोरांवर जीव टाकणारा, असं त्याखाली. डेर्व्लाचा फोटो लग्नातला होता, त्यातही अर्धी चौकट फिन्टनने अडवलेली.

रेडिओवाल्यांनी तर हद्द केली. आमच्या जिल्ह्यात सकाळच्या बातम्यांनंतर मेलेल्यांची नावं वाचतात, आणि तेवढा वेळ घराघरात किटलीसुद्धा गप्प बसवतात. नोरीनने फोन करून मजकूर सांगितला होता: डेर्व्ला, हिला नवऱ्याने ठार मारलं. वाचणाऱ्या बाईंनी मधाळ आवाजात वाचलं: डेर्व्ला, राहत्या घरी, अचानक.

अचानक! भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून फिरायची ती, इतकी वर्षं. दुकानात सगळ्यांनी बघितलं होतं, आणि सगळ्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. बॅलीकारात बरोबर उलटं चालायचं.

मारणाराच मेला, म्हणजे खटला नाही. खटला नाही, म्हणजे चारचौघांत उभं राहून 'याने हिला मारलं' असं म्हणणारं कुणी नाही. नोरीनला दुसरं काही नको होतं. डेर्व्ला मातीखाली जाण्याआधी या गावाने ते एकदा तोंडाने म्हणावं, बस्स.

आणि गाव तर संध्याकाळी रांग लावून येणारच होतं.

आमच्याकडे शेवटच्या भेटीची रीत ठरलेली आहे. शवपेटी उघडी, शेजारी घरची माणसं ओळीत, आणि सगळा मुलूख एकामागून एक येऊन हात मिळवतो. "फार वाईट झालं," म्हणायचं आणि पुढे सरकायचं. जास्त बोलायचं नाही, थांबायचं तर नाहीच. मागे रांग असते. शेजाऱ्याशी तीन पिढ्यांचं बांधाचं भांडण असलं तरी माणूस येतो, हे तीन शब्द टाकतो आणि मोकळा होतो.

त्या दिवशी ओळीत नोरीन एकटीच होती. डेर्व्लाला कुणीतरी बंद गळ्याचा ब्लाउज घातला होता. जन्मात घातला नव्हता तिने असला. नोरीनचा हात एकदा त्या गुंडीकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. ते तिच्या बहिणीचं अंग होतं, गावाला दाखवायचा पुरावा नव्हता. बोलायचं ते आपण बोलायचं, तिने ठरवलं.

पहिला आला तो औषधवाला. "फार वाईट झालं, नोरीन."

नोरीनने हात सोडला नाही. ती शाळेची बस चालवते, तिची पकड सोपी नाही. "फिन्टनने मारलं तिला," ती म्हणाली.

औषधवाला बुटांकडे बघत राहिला. "हं, बरं," असं काहीतरी पुटपुटला आणि सुटला.

मग हेच सुरू झालं. फार वाईट झालं. फिन्टनने मारलं तिला. फार वाईट झालं. फिन्टनने मारलं तिला. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणाला खोकला आला, कुणी "देवाची इच्छा" म्हणालं. त्यावर नोरीनने त्याला तिथल्या तिथे झापलं, "देव घरात नव्हता, फिन्टन होता." तरी तिचं वाक्य एकानेही परत म्हटलं नाही. आत येताना माणसं हात खिशात घालू लागली. न मिळवावा तर रीत मोडते, मिळवावा तर ऐकावं लागतं!

साप्ताहिकाचा संपादक कोलम आला. शाळेत तो नोरीनच्या मागच्या बाकावर बसायचा.

"फार वाईट झालं गं."

"फिन्टनने मारलं तिला. छापशील?"

"नोरीन, अशा गोष्टी गुंतागुंतीच्या असतात. दोन्ही घरांचा विचार..."

"गेल्या वर्षी माझ्या बसला टेकून सायकल लावणाऱ्या पोराचं नाव छापलंस की रे! तेव्हा नाही गुंता झाला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कोलमचे कान लाल झाले. पण वाक्य त्याच्याही तोंडून निघालं नाही. नरो वा कुंजरो वा करत तोही गेला. नोरीनचा हात एव्हाना सुजला होता आणि तिला रडू येत होतं, दुःखाने नव्हे, संतापाने. ही माणसं ऐकून घेतील, घरी जातील, सँडविच खातील, आणि उद्यापासून डेर्व्ला 'अचानक'च मेलेली राहील.

तेवढ्यात दाराशी कुजबुज थांबली. रांग आपोआप बाजूला झाली.

फिन्टनची आई पेग येत होती. काठी टेकत, एक एक पाऊल. तिच्या मागे हॅनलन, टोपी हातात. त्यानेच तिला गाडीतून आणलं होतं आणि गाडीतच बस म्हणून विनवलं असणार, कारण तो अजून तिची बाही ओढत होता.

नोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. हिची हिंमत कशी झाली? हिने 'फार वाईट झालं' म्हटलं, तर म्हातारी आहे हेही मी बघणार नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

पेग आधी पेटीपाशी गेली.  मग वळली आणि तिने नोरीनचे दोन्ही हात धरले.

"माझ्या पोराने मारलं तिला," पेग म्हणाली. आवाज बारीक होता, पण दारापर्यंत पोचला. "पेपरात 'दांपत्य' लिहिलंय. मी वाचून घेतलं. दांपत्य नाही गं. माझ्या फिन्टनने तुझ्या डेर्व्लाला मारलं. उद्या त्याला पुरणार आहे मी. आमच्या जागेत. हिच्या शेजारी नाही."

नोरीनने मनात जमवलेली सगळी शिवीगाळ कुठल्या कुठे गेली. तिला त्या बाईची माया आली, आणि माया आल्याचाही राग आला. तिने पेगला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. घरच्यांच्या ओळीत.

आता समोर हॅनलन होता. त्याने हात पुढे केला. तोंड उघडलं, पण ते ठरलेले तीन शब्द काही निघेनात. त्या म्हातारीसमोर कसे निघणार?

नोरीनने हात घट्ट धरला. "बोला, सार्जंट."

"नोरीन, चौकशीचा अहवाल यायचाय अजून..."

"या आईला अहवाल लागला नाही."

रांग थांबली होती. आमच्याकडे ही रांग कधी थांबत नाही. बाहेर, चिप्सच्या दुकानापर्यंत उभी असलेली माणसं माना उंच करून आत काय चाललंय ते बघत होती. कोलम अजून दारातच होता.

"गळा दाबून मारलं," हॅनलन अखेर पुटपुटला.

"कुणी?"

"फिन्टनने."

बसमधल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना ज्या आवाजात ती गप्प बसवायची, त्याच आवाजात नोरीन म्हणाली, "मोठ्याने बोला, सार्जंट. रांग पार चिप्सच्या दुकानापर्यंत आहे."

हॅनलनने पेगकडे पाहिलं. पेगने मान डोलावली. मग तो दाराकडे वळला, घसा खाकरला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ते वाक्य म्हणाला.