अर्धं भादरलेलं गिऱ्हाईक

उशी पोटाशी आवळून धरत ती जिन्याची शेवटची पायरी चढली आणि दाराला टेकून उभी राहिली. मागून दादा येत होता. त्याच्या एका हातात तिची दवाखान्यातली पिशवी होती आणि दुसऱ्या हातात त्याची स्वतःची बॅग, इतकी फुगलेली की चेन अर्ध्यावर अडली होती आणि उरलेलं तोंड त्याने सुतळीने बांधलं होतं. आठवडाभर बहिणीची शुश्रूषा करायला आलेल्या माणसाचं हे सामान नव्हतं. पण पोटाला चार भोकं पाडून आतलं पित्ताशय काढून घेतलेल्या बाईला असल्या गोष्टींकडे बघायला सवड नसते.

“किल्ली तुझ्याकडेच आहे,” ती म्हणाली.

दादाने किल्ली काढली. कुलूप उघडता उघडता त्याच्या डोळ्यांच्या कडांना ओळखीच्या सुरकुत्या पडल्या आणि तोंड उघडलं. तिने घाईने उशी दाबून धरली.

“दादा, शपथ आहे तुला.”

“मी काही बोललो का?”

“बोलणार होतास.”

त्याने दार ढकललं. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. तेलकट-तुपकट खायचं नाही, सहा आठवडे जड उचलायचं नाही, शिवणाचं मशीन पायाने मारायचं नाही. आणि खोकताना, शिंकताना, हसताना उशी पोटाशी घट्ट धरायची. हसणं तूर्त टाळलंत तर उत्तमच, असंही त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही घरात हे शेवटचं पथ्य सगळ्यांत सोपं ठरलं असतं.

या घराची गोष्ट वेगळी होती. त्यांचे वडील न्हावी होते आणि त्यांच्या खुर्चीवर बसलेला माणूस डोकं हलकं करून जायचा तो दोन्ही अर्थांनी. रडगाणं गायचंच असेल तर निदान चालीवर गा, असं ते मुलांना सांगत. त्यामुळे घरात वाईट बातमी कधी सरळ तोंडाने आली नाही. दादाने वडिलांची खुर्चीही चालवली आणि जीभही. वहिनी गेली त्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला होता, “आता मी घोरतो की नाही, याला साक्षीदारच उरला नाही.” जमलेली माणसं डोळे पुसता पुसता हसली होती. तीही हसली होती. पुढे त्याने राहती खोली सोडली आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर पथारी टाकली, त्यावरही त्याने काहीतरी चुटका केला होता. तो तिला आता आठवत नव्हता, हसल्याचं मात्र आठवत होतं.

तिचं हे दुखणंसुद्धा हसतानाच उपटलं. बारीक कळा तशा वर्षभर येत होत्या, पण ती अपचन म्हणून सोडून देई. त्या सकाळी दादाचा फोन आला. मागे बराच गलका होता.

“अगं, दुकान पाडायला आलेत,” तो म्हणाला. “मी त्यांना म्हटलं, या, पण जरा दमानं घ्या. एक गिऱ्हाईक अर्धं भादरलंय.”

रस्ता रुंद होणार, दुकानं जाणार, अशा आवया दरवर्षी उठत आणि दरवर्षी त्यांवर दादाकडे नवा माल तयार असे. हा माल अव्वल होता. अर्ध्या डोक्याचा माणूस खुर्चीत आणि दारात पहार घेऊन खोळंबलेली मंडळी, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि ती हसत सुटली. हसता हसता उजव्या बरगडीखाली अशी काही कळ आली की फोन हातातून पडला. शेजारीण आवाज ऐकून धावली म्हणून बरं. तपासणीत खडे निघाले, शस्त्रक्रिया ठरली, आणि संध्याकाळी दादा दवाखान्यात येऊन तिच्या उशाशी बसला. माझ्यासाठी दुकान बंद ठेवून आला बिचारा, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर दादाने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. त्याचं सूप म्हणजे गरम पाणी, ज्यात भाज्या आंघोळ करून गेल्या होत्या. ती निमूटपणे पीत होती. अशा सुपावर दादा एरवी अर्धा तास बोलला असता. आता तो वाटी पुढे करी, ती रिकामी झाली की उचलून नेई. खांद्यात कळा येत तेव्हा तो तिला हाताला धरून खोलीतल्या खोलीत फिरवी. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेली हवा तिथे जाऊन बसते म्हणे. या हवेवरसुद्धा तो एक शब्द बोलला नाही. विनोद वगळले तर दादा म्हणजे एक थकलेला, जरा वाकलेला माणूस होता, आणि या माणसाशी तिची फारशी ओळख नव्हती. तिला चुकल्याचुकल्यासारखं होई.

त्याला काहीतरी सांगायचं होतं. तो खाटेजवळ खुर्ची ओढून बसे, गुडघे चोळी.

“छकुली.”

पन्नाशी उलटली तरी ती त्याच्यासाठी छकुलीच होती.

“काय रे?”

“काही नाही. गोळी घेतलीस?”

असं दोन-चारदा झालं. आपल्या काळजीने त्याचं तोंड उतरलंय, असा तिने अर्थ लावला. म्हणून एका सकाळी तीच म्हणाली, “दादा, मी आता ठीक आहे. शेजारीण आहे लक्ष द्यायला. किती दिवस दुकान बंद ठेवणार तू?”

“बघू.”

“बघू काय? गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील.”

“जातील,” तो म्हणाला आणि उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायला गेला.

त्याच दिवशी तिला फळीवर तो आरसा दिसला. लाकडी चौकटीचा, गोल, मुठीला दोरा गुंडाळलेला. केस कापून झाले की हा आरसा मागे धरायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला समोरच्या मोठ्या आरशात स्वतःची मान दिसते. तिला आठवतं तेव्हापासून तो दुकानात एकाच खिळ्याला होता.

“हा कशाला आणलास?”

“दाढीला.”

“माझ्या घरात आरशांचा दुष्काळ पडलाय का?”

दादा हसला नाही. आरसा जरा आत सरकवून तो बाहेर गेला. तिनेही विषय वाढवला नाही, कारण शिंक येत होती आणि उशी हाताशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला डुलकी लागली होती. जाग आली ती आवाजाने. कात्रीचा आवाज होता, पण तिच्या कात्रीचा नव्हे. तिची कात्री जाड बोलायची. हा आवाज बारीक होता, लहानपणापासून कानात बसलेला. तिने मान वळवली. खिडकीशी, तिच्या मशीनच्या स्टुलावर दादा बसला होता. मांडीवर मास्तरांची पॅन्ट होती, जिची लांबी कमी करून द्यायचा वायदा तिने दवाखान्यात जाण्याआधी केला होता. तो तळाची शिवण उसवत होता, एकेक टाका कापत, जिभेचं टोक बाहेर काढून. तिची कात्री मशीनशेजारी आपल्या खुंटीला लटकत होती. दादाच्या हातात होती ती केसांची कात्री.

कात्रीवर पोट भरणाऱ्या दोघांच्या या घराण्यात देवाधर्माचे नियम कोणी फारसे पाळले नव्हते, पण कात्रीचे पाळले होते. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. केसांच्या कात्रीने केसांखेरीज काहीच कापायचं नाही, दोरासुद्धा नाही, धार जाते. दादाला पहिली कात्री मिळाली तेव्हा तिने त्या कात्रीने रिबीन कापली होती. मार बसला नाही. दादाने फक्त आठ दिवस तिच्याशी थट्टा केली नाही, आणि त्यापेक्षा मार परवडला असता. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसून, तेलाचा थेंब सोडून जी कात्री तो निजवायचा, तिने तो आज मास्तरांच्या पॅन्टचे दोरे तोडत होता.

ती कुशीवर वळली, कोपरावर भार देऊन हळूहळू उठून बसली.

“दादा, ती केसांची आहे.”

त्याने हातातल्या कात्रीकडे बघितलं, जणू ती तिथे कशी आली हे त्यालाही आताच कळत होतं.

“आता चालतंय,” तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. अशा वाक्यानंतर दादाचं दुसरं वाक्य येतंच, इतक्या वर्षांची सवय होती. ते आलं नाही. तिने फळीवरच्या आरशाकडे बघितलं.

“दुकान खरंच पाडलं?”

“हो.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की, फोनवर. तू हसलीस.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर तिला काही उत्तर देता आलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तू सांगितलंस तसं रे.”

“मला दुसरं कसं सांगायला येतं?” दादाने पॅन्ट घडी करून बाजूला ठेवली. “दवाखान्यात सांगणार होतो, तर तुला नळ्या लावलेल्या. मग म्हटलं घरी गेल्यावर सांगू. तर हसवायला बंदी. विनोद केल्याशिवाय पहिलं वाक्यच सुचेना मला. आणि वर तू मला परत जा म्हणालीस.”

“पोटमाळा?”

“दुकान गेल्यावर पोटमाळा कुठे राहतो, हवेत?”

सवयीने निसटून गेलं. तो ओशाळला. पण ती हसली नाही, आणि उशीही तिने उचलली नाही.

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. माणसाला काय विचारायचं असतं अशा वेळी, हे या घरात कोणी शिकलंच नव्हतं. शेवटी तिने मनात आलं ते विचारलं.

“आणि ते अर्धं गिऱ्हाईक? ते तरी तू बनवलेलंच ना?”

“नाही गं. आपले पोस्टमन. रिटायर झालेले.” दादा खिडकीबाहेर बघत बोलू लागला. “ते लोक भले होते. म्हणाले, पाच मिनिटं घ्या. त्यात मी तुला फोन केला, आणि तुझा फोन मध्येच बंद झाला. मग खुर्ची ओढून रस्त्यावर घेतली. मागे भिंत पडत होती, आमच्या दोघांवर धूळ. पोस्टमन म्हणाले, राहू दे, असाच जातो. मी म्हटलं, बाबांच्या खुर्चीवरून आजवर कोणी अर्धा उठून गेलेला नाही. पूर्ण केले केस. मान झटकली, पावडर लावली. आणि मग सवयीने हा आरसा मागून धरला.”

फळीवरच्या आरशाकडे त्याने बघितलं नाही.

“समोरचा आरसा कुठे होता तेव्हा? समोर रस्ता. मी मागे आरसा धरून उभा, आणि ते रस्त्याकडे बघतायत. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग मान हलवून म्हणाले, ‘झकास.’”

शेवटचा शब्द नीट बाहेर पडला नाही. दादाचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं, हसतोय. वहिनीच्या वेळीही न रडलेला माणूस कसा रडतो हे तिने पाहिलंच नव्हतं, त्यामुळे कळायला वेळ लागला. जवळ जावं तर एकदम उठता येत नव्हतं. तिने शेजारी पडलेली उशी घेतली, खाटेच्या कडेपर्यंत सरकली आणि हात लांब करून ती त्याच्या मांडीवर ठेवली. दादाने उशी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली आणि तिच्यावर वाकून मनसोक्त रडून घेतलं. तिने त्याला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं.

“खुर्ची कुठाय आता?” तिने विचारलं.

“पोस्टमनच्या व्हरांड्यात.”

“घेऊन ये. मशीन थोडं भिंतीकडे सरकवलं तर खिडकीशी मावेल. उजेड तिथेच बरा आहे.”

“छकुली, तुझे टाके निघाले की मी बघतो कुठेतरी.”

“मला जड उचलायला बंदी आहे.”

“सहा आठवडे.”

“सहा कोण म्हणालं?”

“डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर म्हणाल्या.”

“मी नाही ऐकलं. जड म्हणजे जड. मला काही आता जन्मात ते मशीन सरकवता येणार नाही.”

दादाने तिच्याकडे बघितलं. डोळे लाल होते, नाक ओलं होतं, पण डोळ्यांच्या कडांना हळूहळू सुरकुत्या जमू लागल्या. त्याने बोलायला तोंड उघडलं.

तिने हात पुढे केला.

“थांब,” ती म्हणाली. “आधी उशी दे इकडे. मग बोल.”