कोसाकोसाला थांबणारी फटफटी

मी फटफटी बोलतेय. मला मोटारसायकल म्हणतात ते पुण्याकडे. आमच्या कामथडी गावात तसं कुणी म्हणत नाही. माझा जन्म विलायतेतला. एका गोऱ्या साहेबाने मला काही वर्षं वापरलं, मग मी सावळारामकडे आले. सावळाराम गुरांचा डॉक्टर. नसरापूरपासून पार वेल्ह्यापर्यंत जनावर अडलं की लोक त्यालाच बोलवायचे. चढ आणि खडी, दोन्हींची मला सवय झाली होती.

त्या वर्षी दसरा नुकताच झाला होता. गुंजवण्याच्या वरच्या धनगरवस्तीतला म्हातारा बिरू सकाळी धापा टाकत दारात आला.

"म्हस अडलीया, डाक्टर. रेडकाचा पाय आडवा आलाय. कळा दिऊन पार दमली ती."

"बसा मागं, बिरूबाबा," सावळाराम म्हणाला. औषधांची पिशवी पोटाशी धरून बिरू बसला आणि आम्ही निघालो.

नसरापूर मागे पडलं आणि मी गुदमरले. दोन-चार आचके देऊन बंद पडले. सावळारामने टाकीचं झाकण काढून आत डोकावलं. पेट्रोल भरपूर होतं. टाकीखालची तोटी त्याने उघडझाप केली, किक मारली, मी चालू झाले. कोसभर गेले आणि पुन्हा बंद.

पुन्हा झाकण काढून डोकावणं झालं. तोटीची नळी सोडवली, तर धार चांगली. कार्बोरेटर उघडला, त्यातलं बारीक भोकाचं जेट फुंकलं, तरंगणारा पितळी डबा कानाशी हलवून पाहिला. कुठेच दोष नाही. मी चालू झाले, आणि पुढच्या चढावर पुन्हा थांबले. बिरू नुसता डोंगराकडे बघत राहिला.

सावळारामने पाना हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. उकिडवा बसून माझ्याकडे बघू लागला. माणूस असा बघायला लागला की मला फार बरं वाटतं.

"सगळं साफ हाय. मग थांबती का? आन थांबून पुना चालती का?"

"दम खात आसंल," बिरू म्हणाला.

"दर बारीला म्या पयलं काय करतो, बिरूबाबा?"

"झाकान काडून डोकावता की."

या खेपेला सावळारामने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. कान लावून झाकण हळूच फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. किक मारताच मी चालू! त्याने झाकण उजेडात धरलं. मधल्या बारीक भोकात वाळलेलं कुंकू घट्ट बसलं होतं. खंडेनवमीला त्याच्या बायकोने, रतनबाईने, माझी पूजा केली होती. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती वाटच बुजली होती. बिरूने बाभळीचा काटा दिला, भोक मोकळं झालं, आणि पुढे मी कुठे थांबले नाही.

म्हैस वाचली. रेडकू मेलेलंच निघालं.

संध्याकाळी सावळारामने घरी सगळं सांगितलं, कुंकवाचं तेवढं वगळून. पण रतनबाईला झाकणावरचा ओरखडा दिसला आणि काट्याच्या टोकाएवढा लाल डागही.

"मंग रेडकू माज्यापायी गेलं व्हय?"

"न्हाई. बिरूबाबा म्हनले, त्ये वस्तीवरनं निगाले तवाच रेडकू हालायचं थांबलं हुतं."

तिने झाकण हातात घेतलं आणि म्हणाली, "मला समदं दावा. कुठनं काय आत जातं, कुठनं भाईर येतं."

सावळारामने सूप आणलं आणि कार्बोरेटरचा एकेक भाग त्यात मांडला. तिने प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं. काही उत्तरं त्यालाही येईनात. मग दोघांनी मिळून शोधली. पुढे माझी साफसफाई तीच करू लागली. खंडेनवमीला पूजाही करायची, पण कुंकू माझ्या पुढच्या दिव्यावर लावायची.

आता जर्मनीशी दुसरी मोठी लढाई चालू आहे. पेट्रोल कुपनावर मिळतं, तेही क्वचित. सावळाराम तट्टावरून हिंडतो आणि मी गोठ्यात उभी आहे. मोडीत घेणारा दोनदा येऊन गेला. मला मोडीत देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे. पण ते सांगायची वेळ रतनबाईने अजून येऊ दिलेली नाही.

परवा तिने तोटी उघडून खाली बोट धरलं. थेंबही आला नाही. ते कोरडं बोट तिने हुंगलं, जरा हसली, आणि पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून बंद करतात तशी तोटी घट्ट बंद केली.